टीम हिंजवडीत, तुम्ही गावात: रिमोट जॉब घेण्याआधी

निम्मी टीम ऑफिसात आणि निम्मी घरी, अशा ठिकाणी जॉइन होत असाल तर अभिनंदन नंतर, आधी हे वाचा. मी कराडहून काम करते, टीम हिंजवडीत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळेच घरी होते, तेव्हा कुणाला कुणाचं काही वाटत नव्हतं. ऑफिसं उघडली, काहींना बोलावलं, काहींना सूट मिळाली आणि कुरबुर सुरू झाली.

खरा सापळा म्हणजे मीटिंगनंतरची मीटिंग. मायक्रोसॉफ्ट टीम्सवर व्हिडिओ कॉल संपतो, तुम्ही 'लीव्ह' दाबता. कॉन्फरन्स रूममधली मंडळी मात्र तिथेच रेंगाळतात. कुणीतरी मार्कर उचलतं, "हे दोन टप्प्यांत करू या का?" म्हणतं, माना डोलतात आणि उरलेलं चहाला जाताना ठरतं. मुद्दाम कुणी लपवत नाही. त्यांच्या लेखी ते सगळ्यांसमोरच ठरलेलं असतं! आमच्याकडे एका एपीआयचं (दोन सॉफ्टवेअरना जोडणाऱ्या दुव्याचं) अख्खं डिझाइन असं बदललं. मी जुन्यावरच कोड लिहीत होते, आणि कळलं कधी, तर डेमोच्या आदल्या दिवशी. "अगं, ते तर तेव्हाच बदललं ना," लीड सहज म्हणाला. त्या 'सहज'चा राग मला अजून येतो. असा राग मनात ठेवला की समोरच्याचा साधा 'ओके'सुद्धा टोमणा वाटायला लागतो.

यावर उपाय रटाळ आहे, पण लागू पडतो. कॉल संपल्या संपल्या जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्या कामाच्या तिकिटावर (म्हणजे नोंदीवर) तीन ओळी टाका: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. खाली लिहा, "बदल झाला तर इथेच कळवा." व्हॉट्सॲप ग्रुपवर नको, तिथलं संध्याकाळपर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडलं जातं. शिवाय सकाळी काम सुरू करण्याआधी ऑफिसातल्या एकाला विचारा, "काल मी गेल्यावर काही बदललं का?" मेसेज नको, फोन करा. सुरुवातीला लोचटपणा वाटेल. वाटू दे.

आता ऑफिसातल्यांची बाजू. हिंजवडीच्या वाटेवर भूमकर चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाला ग्रुपवर तुमच्या अंगणातल्या चहाचा फोटो दिसला तर तो चिडणारच. क्लायंटला फिरवायचं, नव्या पोरांच्या लॅपटॉपसाठी आयटी सपोर्टच्या दारात उभं राहायचं, मॅनेजरला आयत्या वेळी पीपीटी हवी झाली की समोर दिसेल त्याने करायची. यातलं काहीच तिकिटावर नसतं. नव्या मुलांचं सेटअप आणि पहिल्या आठवड्यातल्या शंका मी माझ्याकडे घेतल्या. टोमणे थांबले नाहीत, कमी झाले.

प्रमोशनची भीती खोटी नाही. चीनमधल्या सीट्रिप कंपनीच्या कॉल सेंटरवर निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, पण तेवढ्याच कामगिरीवर बढती मिळण्याचं प्रमाण घटलं. त्याच कंपनीतला पुढचा प्रयोग २०२४ मध्ये आला. त्यात आठवड्यातले दोनच दिवस घरून काम होतं आणि बढतीवर परिणाम दिसला नाही. म्हणून घाबरू नका, पण पूर्ण रिमोट असाल तर अधूनमधून तोंड दाखवा. जाल तेव्हा स्प्रिंट प्लॅनिंगच्या (पुढच्या टप्प्याची कामं ठरवण्याच्या) दिवशी जा, पार्टीच्या नव्हे. साताऱ्याचे कंदी पेढे नेले तर उत्तमच.

टीम्सवर तुम्ही कामावर आहात असं दाखवणारा हिरवा ठिपका पेटता ठेवायला माउस हलवणारी यंत्रं विकत घेऊ नका. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये असल्याच प्रकारावरून डझनाहून जास्त लोकांना काढलं. आणि लिंक्डइनवर पैसे घेऊन 'रिमोट करिअर' शिकवणाऱ्या गुरूंपेक्षा तुमच्याच टीममधला कुरकुरणारा सीनियर जास्त शिकवेल, त्याला धरा.

शेवटचं, पण सही करण्याआधीचं: रिमोटची सूट ऑफर लेटरमध्ये लिहिलेली आहे की मॅनेजर तोंडी देतोय, ते बघा. तोंडी असेल तर एचआरकडून मेलवर मागा. मॅनेजर बदलला की नव्या माणसाला त्यातलं काहीच माहीत नसतं.