जनगणनेच्या नावाने कोण आलंय, ते प्रश्नांवरून ओळखा

ओळखपत्र कुणालाही छापून घेता येतं, गळ्यात पट्टा कुणालाही अडकवता येतो. म्हणून दारातला माणूस काय विचारतो, इकडे कान द्या. त्यासाठी खरे प्रश्न आधी ठाऊक हवेत.

२०११ नंतरची ही जनगणना दोन टप्प्यांत आहे: २०२६ मध्ये घरयादी, फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची मोजणी. घरयादीत ३३ प्रश्न आहेत. भिंती आणि छत कशाचं, खोल्या किती, घर स्वतःचं की भाड्याचं, पाणी कुठून येतं, संडास, सांडपाणी, स्वयंपाकाचं इंधन, टीव्ही, इंटरनेट, गाडी, घरात मुख्यतः कोणतं धान्य खातात. मोबाइल नंबरही विचारतात, त्याला बिचकू नका. दुसऱ्या टप्प्यात वय, शिक्षण, कामधंदा, मातृभाषा आणि या वेळी जात.

बँक खातं, एटीएम कार्ड, पॅन, यूपीआय पिन यांचा यात कुठेही संबंध नाही. कागदपत्रंही दाखवावी लागत नाहीत, जातीचा दाखलासुद्धा नाही. तुम्ही तोंडी सांगाल ते प्रगणक, म्हणजे माहिती घ्यायला आलेला माणूस, आपल्या मोबाइलमध्ये भरतो. तुमचा फोन त्याला हातात घ्यावाच लागत नाही.

इंदूरमध्ये एक जास्तीचा धोका आहे. समग्र आयडीच्या, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-ओळख क्रमांकाच्या, ई-केवायसीसाठी आपण सगळ्यांनी आधारचा ओटीपी दिलेला आहे, त्यामुळे ‘जनगणना समग्रला जोडायची आहे, ओटीपी सांगा’ हे वाक्य कानाला खटकत नाही. ते खटकलं पाहिजे. लाडली बहना योजनेचा हप्ता बंद होईल, रेशनकार्डातून नाव कटेल, ही भीतीही अशीच घातली जाते. जनगणनेच्या नोंदीवरून कुणाचा हप्ता थांबत नाही.

जनगणनेत ओटीपीची खरी जागा एकच: स्व-गणना. सरकारी पोर्टलवर आपली माहिती आपणच भरायची सोय आहे, तिथे लॉगिनसाठी ओटीपी येतो आणि तो तुम्ही स्वतः टाकता. शेवटी एक आयडी मिळतो, तो वहीत लिहून ठेवा. नंतर प्रगणक घरी आला की तो आयडी मागेल, आणि तो द्यायचा. आयडी द्या, ओटीपी नाही. फोनवर ‘तुमची स्व-गणना अर्धवट राहिली, आत्ता आलेला नंबर वाचून दाखवा’ म्हणणारा हमखास ठग.

पोर्टलचा पत्ता असा तपासा. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिच्या लगेच आधी काय आहे ते वाचा. तिथे ‘डॉट गव्ह डॉट इन’ हवं. ‘सेन्सस डॉट गव्ह डॉट इन’ सरकारी. ‘सेन्सस-गव्ह डॉट इन’, म्हणजे टिंबाऐवजी आडवी रेघ, हा पत्ता सरकारी नव्हे. ‘गव्ह डॉट इन’च्या पुढे आणखी टिंब देऊन काही जोडलेलं असेल तर तोही नव्हे. अर्ज भरायला शुल्क नाही, त्यामुळे पाच रुपयांचा क्यूआर आला तरी तिथेच थांबा.

व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल, सगळ्यांत वाईट. ती उघडली की फोन आधी ‘अज्ञात स्रोत’ची परवानगी मागतो, मग ॲप एसएमएस वाचायची. तेवढी मिळाली की बँकेचे ओटीपी तुमच्या आधी चोराला दिसतात.

रामबाग, लोकमान्य नगरकडे कितीतरी घरांत फक्त आजी-आजोबा असतात, मुलं पुण्या-बंगळूरला. त्यांना सांगून ठेवा: जाळीच्या दारातूनच बोला. नाव, ओळखपत्र, नेमून दिलेला भाग विचारा आणि ‘महापालिकेच्या झोन कार्यालयात विचारून घेतो, संध्याकाळी या’ म्हणा. खरा प्रगणक, बहुधा शिक्षक किंवा सरकारी कर्मचारी, पुन्हा येईल. त्याला घरात फिरून काही बघायचं नसतं. पण खऱ्या माणसाला हाकलूही नका. जनगणना कायदा, १९४८ प्रमाणे उत्तरं देणं बंधनकारक आहे. नकाराला दंड आहे, पण तो कोर्ट ठरवतं, दारात यूपीआयने कुणी वसूल करत नाही. त्याच कायद्यात बाईला नवऱ्याचं नाव न सांगण्याची मुभा आहे, हे आजींना जरूर सांगा.

अफवांपैकी आपल्या मराठी लोकांना भिडणारी एक: ‘मातृभाषा मराठी लिहिली तर बाहेरचे ठरू.’ साफ खोटं. पिढ्या इंदुरात गेल्या तरी घरातली भाषा मराठी असेल तर मराठीच सांगा. हिंदी येते, तर तिची नोंद ‘येत असलेल्या इतर भाषां’मध्ये होते. शिवाय जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तुमची नोंद कुणाला पाहायला मिळत नाही, दिवाणी खटल्यात पुरावा म्हणूनही चालत नाही.

फसवणूक झालीच तर क्रम चुकवू नका. एपीके टाकली असेल तर आधी डेटा आणि वाय-फाय बंद. दुसऱ्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. पैसा काही मिनिटांत खात्यांमागून खाती बदलतो, म्हणून पोलीस चौकी गाठण्याआधी हा फोन. मग बँकेला सांगून खातं आणि यूपीआय बंद करा. त्यानंतर आपल्या फोनवरून ##००२# डायल करा, चोराने वळवलेले कॉल त्याने पुन्हा तुमच्याकडे येतात. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्याच फोनवरून. ॲप निघत नसेल तर फोन फॅक्टरी रीसेट करा, पण मेसेज आणि व्यवहारांचे स्क्रीनशॉट दुसरीकडे ठेवल्यावरच. तक्रारीला तेच लागतात.