या चुका टाळा : रसायनाच्या बाटलीवरचं लेबल

ड्रमवर कंपनीचं लेबल बहुधा ठीक असतं. गडबड होते ती त्यातलं रसायन लहान बाटलीत काढताना. ‘लगेच तर वापरायचंय’ म्हणून बाटली कोरी राहते, शिफ्ट बदलते, आणि पुढच्या माणसाला दिसतो तो फक्त पाण्यासारखा द्रव. म्हणून आधी लेबल चिकटवा, मगच ओता. पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत तर रसायन भरूच नका. तहानलेला माणूस लेबल वाचत बसत नाही.

नुसतं ‘ॲसिड’ लिहिणंही तितकंच वाईट. एचएफ (हायड्रोफ्लोरिक ॲसिड) आणि एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड) ही अक्षरं घाईत सारखीच वाटतात. पण हायड्रोफ्लोरिक ॲसिड कातडीतून आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमवर घाला घालतं, त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल लागते. प्रथमोपचार करणाऱ्याला हे कळणार ते लेबलवरूनच. तेव्हा पूर्ण नाव लिहा, तीव्रताही लिहा : 3 टक्के आणि 30 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड एकाच नावाने ठेवता येत नाही. सोबत धोक्याचं चित्रचिन्ह आणि ‘डेंजर’ किंवा ‘वॉर्निंग’ हा शब्द सुरक्षा माहितीपत्रकातून जसाच्या तसा घ्या.

आकड्यांनी फसू नका. जीएचएस या रसायनांच्या धोक्यांचं वर्गीकरण करणाऱ्या जागतिक पद्धतीत वर्ग 1 सर्वांत घातक, तर एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेच्या चौरंगी चौकोनात 4 सर्वांत घातक. दोन्ही पद्धती एकाच ठिकाणी असतील, तर हा फरक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगा.

अक्षरं पुसट होतायत? ॲसिटोन किंवा अल्कोहोलचा ओघळ मार्करची शाई धुऊन नेतो. रसायनाला टिकणारं छापील लेबल लावा. तात्पुरतं काम असेल तर पेन्सिलीने लिहा, ग्रॅफाइट या द्रावकांत विरघळत नाही. लेबल झाकणावर नको, झाकणं अदलाबदल होतात. जुनी बाटली वापरायचीच असेल, तर ती धुऊन जुनं लेबल पूर्ण काढा.

इथरच्या बाटलीवर ती उघडल्याची तारीख हवीच, कारण साठवणीत स्फोटक पेरॉक्साइड तयार होऊ शकतात.

आणि बिनलेबलची बाटली सापडलीच तर? वास घेऊ नका, अंदाजाने नाव लिहू नका, मोरीत ओतू नका. ‘अज्ञात रसायन, वापरू नये’ अशी पाटी लावून सुरक्षा अधिकाऱ्याला कळवा. झाकणाभोवती स्फटिक दिसले तर बाटलीला हातही न लावता इतरांना तिथून दूर करा.