लेकरासाठी आधी कार सीट, मग बाबागाडी

आमचं गाव दारव्ह्याजवळ. दवाखान्यासाठी यवतमाळ, माहेरी जायचं तर अमरावती, म्हणून मी आधी कार सीट घेतली. तुम्हीही पैसा आधी तिच्यावरच घाला. "मांडीवर घेऊन बस, माय," असं सासूबाई मायेनं म्हणत. पण जोरात ब्रेक लागला की मांडीवरचं लेकरू हातात राहत नाही.

तान्ह्या बाळाची सीट मागच्या बाकावर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करूनच बसवायची. एअरबॅगसमोर कधीच नाही. लेबलवर आर ४४ किंवा आर १२९ हा सुरक्षेच्या मानकाचा नंबर बघा. आमच्या जुन्या गाडीत आयसोफिक्सचे, म्हणजे कार सीट थेट गाडीला अडकवायचे हुक नाहीत, म्हणून सीटबेल्टनं बसणारी घेतली. दुकानदाराला आपल्याच गाडीत बसवून दाखवायला लावा. बुडाशी धरून हलवा, इंचभराहून जास्त सरकायला नको. खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरा. घडी पडली तर अजून आवळा. थंडीत जाड स्वेटरवर पट्टा लावू नका, पट्टा लावून वरून गोधडी टाका. मे महिन्यात उभ्या गाडीतलं बक्कल तव्यासारखं तापतं. मी आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघते. अपघातातली जुनी सीट फुकट मिळाली तरी नको.

बाबागाडीची चाकं मोठी घ्या. बारीक चाकं आमच्या काळ्या मातीत दोन पावलांत गाऱ्यानं भरतात. पाठ पूर्ण आडवी व्हायला हवी. आणि उन्हात वरून ओढणी झाकू नका, आत हवा कोंडते.