स्मूद जॅझ ऐकताय, पण कलाकार सापडत नाहीत? या चुका टाळा

जुळे सोलापूर म्हणा, होटगी रोड म्हणा, नव्या कॅफेत शिरलं की मागे सॅक्सोफोन वाजत असतो. हा स्मूद जॅझ, म्हणजे जॅझचा मऊ, कानाला सोपा प्रकार. कोण वाजवतंय असं काउंटरवर विचारलं तर उत्तर ठरलेलं: "यूट्यूबवर लावलंय, सर."

घोळ तिथूनच सुरू होतो. 'स्मूद जॅझ' एवढंच टाकून शोधलं की तासन्‌तास चालणारे व्हिडिओ समोर येतात. खिडकीवर पाऊस, कॉफीचा कप, शेकोटी. वादकाचं नाव बहुतेक वेळा नसतंच, आणि हल्ली तर त्यातलं बरंच काही यंत्राने जुळवलेलं असतं. अभ्यास करताना चालेल, झोप यायलाही चालेल. कलाकार हवा असेल तर मात्र अल्बम शोधा आणि ऑटोप्ले बंद ठेवा. 'सॅक्सोफोन इन्स्ट्रुमेंटल' असं शोधलंत तर हिंदी गाण्यांच्या धुना येतील. त्याही गोड असतात, पण तो रस्ता वेगळा.

साथीला कोण आहे, हे न बघणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. गाण्याच्या मैफलीला गेलो की आपण हमखास विचारतो, तबल्याला कोण? अल्बम ऐकताना मात्र मुखपृष्ठावरच्या नावापुढे जात नाही.

सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअर यांचा 1980चा 'वाइनलाइट' घ्या. त्यातलं बिल विदर्स यांनी गायलेलं 'जस्ट द टू ऑफ अस' बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. ते एक गाणं ऐकून पुढे जाऊ नका. बेसवर मार्कस मिलर, ड्रम्सवर स्टीव्ह गॅड, गिटारवर एरिक गेल. ही नावं लिहून ठेवा. आता 1986चा 'डबल व्हिजन' लावा. तो बॉब जेम्स आणि आल्टो सॅक्सोफोन वाजवणारे डेव्हिड सॅनबॉर्न यांचा, आणि साथीला पुन्हा मिलर आणि गॅड! मग कीबोर्डवाल्या बॉब जेम्स यांचा माग काढा. 1979च्या 'वन ऑन वन'मध्ये त्यांच्याबरोबर अर्ल क्लू भेटतात, नायलॉनच्या तारांची गिटार बोटांनी छेडणारे, अगदी मऊ हाताचे. 1991मध्ये 'फोरप्ले' या चौकडीचा पहिला अल्बम आला. त्यात जेम्स यांच्यासोबत ली रिटनॉर, नेथन ईस्ट आणि हार्वी मेसन. एका अल्बमपासून निघालात आणि महिनाभर पुरतील एवढी नावं हाताशी आली. मिलर यांच्या मागे लागलात तर थेट ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या 1986च्या 'टुटू'पर्यंत पोचाल. तो मात्र स्मूद वगैरे अजिबात नाही, आधीच सांगून ठेवतो.

ही नावं कुठे मिळतात? बऱ्याच ॲपमध्ये गाण्याशेजारच्या तीन ठिपक्यांत 'क्रेडिट्स' असतं. जुन्या अल्बमच्या बाबतीत ते अनेकदा अर्धवट असतं. तेव्हा विकिपीडिया किंवा डिस्कॉग्ज (अल्बमची माहिती नोंदवणारी वेबसाइट) बघायचं.

केनी जीपाशीच थांबणं

1986च्या 'साँगबर्ड' या धुनेने केनी जी यांचा सोप्रानो सॅक्सोफोन घराघरांत नेला. आवडत असेल तर खुशाल ऐका, नाकं मुरडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. पण ते आधी जेफ लॉर्बर यांच्या 'जेफ लॉर्बर फ्यूजन'मध्ये वाजवत, आणि त्या बँडचा ठेका जास्त खटकेबाज आहे. सॅक्सोफोनचाच कंटाळा आला असेल तर वाद्य बदला. चक मँजिओनी यांचं फ्लूगलहॉर्न (ट्रम्पेटसारखंच, पण जरा मऊ आवाजाचं), पीटर व्हाइट यांची अकूस्टिक गिटार, जपानच्या केको मात्सुई यांचा पियानो. आणि सॅक्सोफोनच हवा पण जरा झणझणीत, तर नेदरलँड्सच्या कँडी डल्फर.

साल न बघता ऐकणं

"जॉर्ज बेन्सन लावले, पण हे तर काहीतरी वेगळंच निघालं," अशी तक्रार नेहमी ऐकू येते. साल बघा. साठच्या दशकातले बेन्सन अस्सल, वेगवान जॅझ गिटारवादक. 1976चा 'ब्रीझिन' हा तुम्हाला हवा असलेला. 1980चं 'गिव्ह मी द नाइट' नाचायचं. माणूस एकच. गिटारवादक वेस माँटगोमेरी यांचंही तसंच: 1967चा 'अ डे इन द लाइफ' आणि त्याआधीचे अल्बम यांत बराच फरक आहे.

सालाचा आणखी एक त्रास. स्मूद जॅझ हे नाव अमेरिकन रेडिओमुळे पसरलं. लॉस एंजेलिसचं 'द वेव्ह' स्टेशन 1987मध्ये सुरू झालं. त्याआधीचे अल्बम ॲपवर फ्यूजन (जॅझमध्ये रॉक-फंकची मिसळ), आर अँड बी किंवा नुसत्या जॅझखाली सापडतात. म्हणजे प्रकाराच्या नावावरच विसंबलात तर सत्तरचं दशक हुकलंच.

"सगळं सारखंच वाटतं"

वाटणारच, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं तर. छोट्या स्पीकरला बेस झेपत नाही, आणि या संगीतात वादकावादकांतला फरक बराचसा बेस आणि ड्रम्समध्येच असतो. त्यात घर अशोक चौकाच्या बाजूला असेल आणि शेजारी यंत्रमाग खडखडत असतील, तर उरतो फक्त वरचा सूर. साधे वायरचे इअरफोनही पुरतात. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री मुंबईला निघणार असाल तर एक अख्खा अल्बम आधीच डाउनलोड करा. वाटेत नेटवर्क तुटतं आणि ॲप मग भलतंच काही वाजवायला लागतं.

'खरं जॅझ' आधी ऐकायलाच हवं, हा समज

कुणीतरी माइल्स डेव्हिस यांचा 1959चा 'काइंड ऑफ ब्लू' हातात देतो, तो डोक्यावरून जातो आणि माणूस सगळंच सोडून देतो. अल्बम थोर आहे, वाद नाही. पण तो आवडला नाही म्हणून 'वाइनलाइट' आवडायचं थांबत नाही.

शेवटी एक बारीक गफलत: बॉब जेम्स आणि बोनी जेम्स हे दोघे वेगळे. पहिले कीबोर्डवर, दुसरे सॅक्सोफोनवर. शोधताना आडनावाआधीचं नाव नीट टाका.