वाळूत नायट्रो ट्रक उतरवताय? या चुका टाळा

नायट्रो ट्रक म्हणजे रिमोटवर चालणारी, नायट्रो फ्युएलच्या खऱ्या इंजिनाची छोटी गाडी. तिला पॅडल टायर (वाळू मागे ढकलणाऱ्या उभ्या पट्ट्यांचे टायर) घेतले, बसवले, झाली गाडी वाळूसाठी तयार, असं बऱ्याच जणांना वाटतं. टायरचं नंतर बघू हो, आधी एअर फिल्टर बघा, कारण मॉडेल टी-मॅक्स असो, रेव्हो असो की सॅव्हेज, वाळूत इंजिन मरतं ते फिल्टरमुळेच.

पहिली चूक म्हणजे फिल्टरचा कोरडा फोम. कोरड्या फोममधून बारीक वाळू आरामात आत जाते, त्यामुळे फिल्टर ऑइल लागतंच, आणि ते नुसतं वरून चार थेंब टाकून भागत नाही. फोम प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, तेल ओतायचं आणि रंग सगळीकडे सारखा दिसेपर्यंत चोळत राहायचं, मग जास्तीचं पिळून काढायचं. थेंब गळत असतील तर तेल जास्त झालंय, इंजिनला श्वास घेता येणार नाही. दुसरी गोष्ट, फिल्टरची रबरी मान कार्ब्युरेटरवर जिथे बसते तिथे झिप टाय घट्ट हवाच आणि आतून ग्रीसचा पातळ हात फिरवा. फोम कितीही भारी असला तरी त्या सांध्यातून हवा आत गेली की वाळू पण गेली.

वाळू आत गेलीये हे कसं कळणार? ग्लो प्लग (इंजिनात फ्युएल पेटवणारा प्लग) लावलेला असताना थंड इंजिनचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनच्या दांड्यावरचं जड चाक, हाताने फिरवा. पिस्टन वर पोचताना घट्ट अडकल्यासारखा लागायला हवा, कारण स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी, वरच्या बाजूला मुद्दाम निमुळती असते. फ्लायव्हील लोण्यासारखं फिरलं तर कॉम्प्रेशन (आतला दाब) गेलं समजा. अशी गाडी सकाळी थंड असताना सुरू होते पण तापली की बंद पडते आणि पुन्हा घेतच नाही, आणि लोक बिचारे ग्लो प्लग बदलत बसतात.

ट्यूनिंग घरासमोरच्या रस्त्यावर करून तसंच किनाऱ्यावर नेऊ नका. वाळूत चाकांना ओढ जास्त, म्हणजे इंजिनवर लोड जास्त, म्हणून हाय स्पीड नीडल (जास्त वेगाला किती फ्युएल जाईल ते ठरवणारा कार्ब्युरेटरचा स्क्रू) थोडी उलटी फिरवून मिक्स्चर रिच, म्हणजे फ्युएल जास्त, ठेवा, फुल थ्रॉटलला धूर दिसलाच पाहिजे. टेम्परेचर गन असेल तर ग्लो प्लगपाशी मोजा, १२५ अंश सेल्सियसच्या वर जात असेल तर थांबा. क्लच बेल (क्लचवरचं छोटं दातेरी चाक) एक दात कमीची लावली तर टॉप स्पीड थोडा जातो पण क्लच जळत नाही. आणि मस्त चालणारी गाडी एकदम तापायला लागली तर आधी टाकी बघा, झाकणावरची वाळू आत पडून फ्युएलचा रस्ता अडतो आणि इंजिन लीन होतं, म्हणजे त्याला फ्युएल कमी पडतं. झाकण उघडायच्या आधी ब्रश मारा, आणि नळीत फ्युएल फिल्टर टाका, स्वस्तात काम होतं.

टायरचं म्हणाल तर पॅडल भुसभुशीत कोरड्या वाळूसाठी. ओहोटीच्या कडक ओल्या पट्ट्यावर ते नुसते थडथडतात. रिमला भोकं असतील तर टेप लावा, नाहीतर आत वाळू साठून चाक डगडगतं.

स्पर गिअरला (क्लच बेल ज्याला फिरवते त्या मोठ्या दातेरी चाकाला) ग्रीस? अजिबात नको, वाळू चिकटून दात खाल्ले जातात. रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या रिसीव्हर बॉक्सचं सील बघा आणि थ्रॉटल लिंकेज (थ्रॉटल उघडबंद करणारी दांडी) हाताने हलवून बघा, वाळूचा कण अडकून थ्रॉटल उघडाच राहिला तर गाडी थेट माणसांत घुसेल, म्हणून गर्दीच्या वेळी नकोच. वेळास, आंजर्ल्यासारख्या कासवांच्या किनाऱ्यांवर तर नेऊच नका.

घरी आल्यावर पाइप लावून धुऊ नका, आधी फिल्टर जागेवर ठेवूनच ब्रश आणि हवेने वाळू काढा. फिल्टर काढलात की कार्ब्युरेटरचं तोंड लगेच चिंधीने बंद. टाकीतलं फ्युएल संपवून आफ्टर-रन ऑइलचे (गाडी चालवून झाल्यावर इंजिनात घालायच्या तेलाचे) काही थेंब इंजिनात सोडा, फ्युएलमधलं मेथॅनॉल ओल ओढतं आणि त्यात खारी हवा, बेअरिंगला गंज यायला वेळ लागत नाही. चाकांची बेअरिंग मात्र हाताने फिरवून बघा, करकर आली तर वरून स्प्रे मारत बसू नका, त्याने आतलं ग्रीस निघून जातं आणि वाळू तशीच राहते. सरळ बदला, आणि रबर सीलवाली घ्या.