पाळी गेल्यावरचं इस्ट्रोजेन जेल: लावायचं कसं?

परभणीच्या मे महिन्यात घाम उन्हाचा की पाळी जाण्याचा, कळतच नाही! त्यासाठी डॉक्टरांनी इस्ट्रोजेनचं, म्हणजे पाळी गेल्यावर कमी होणाऱ्या बायकांच्या हार्मोनचं, जेल दिलं असेल तर अंघोळीनंतर अंग नीट कोरडं करून, सांगितलं तेवढंच दंडावर किंवा मांडीवर पातळ पसरा, छातीवर नको. चोळत बसू नका. पाचेक मिनिटं वाळू द्या, मगच बाही खाली. त्यात अल्कोहोल असतं, म्हणून वाळेपर्यंत गॅसजवळ जायचं नाही. हात साबणाने धुवा. तासभर ती जागा भिजवू नका, नातवंडालाही तिथं बिलगू देऊ नका. गर्भाशय असेल तर सोबतची प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनची गोळी चुकवायची नाही, नाहीतर आतलं अस्तर जाड होतं. अंगावरून पुन्हा रक्त जाऊ लागलं तर लगेच दाखवा. आणि ट्यूब पत्र्याखालच्या फळीवर नको.