प्राण्यांचं प्रजनन पाठ करू नका, आधी एक अंडं फोडा

मी सातवी-आठवीच्या पोरांची सायन्सची शिकवणी घेते आणि दरवर्षी हा धडा आला की तोच सीन, मागे खुसखुस चालू, पुढच्या मुली वहीत डोकं घालून बसलेल्या, आणि व्याख्या मात्र सगळ्यांना तोंडपाठ. युग्मक म्हणजे काय? धडाधडा सांगतात. मग मी विचारते, सकाळी आम्लेट खाल्लंस ना, ते अंडं उबवलं असतं तर पिल्लू आलं असतं का? की सगळे गप्प. एकजण म्हणाला ताई, फ्रीजमध्ये ठेवलेलं म्हणून मेलं असेल.

म्हणून मी आता धडा उलटा सुरू करते, आणि तुम्ही घरी एकटे अभ्यास करत असाल तरी असंच करा. पुस्तक बंद. आईला सांगून एक अंडं मागा आणि पांढऱ्या बशीत हळू फोडा, बलक फुटता कामा नये. आता बलकावर नीट बघा, साधारण तीन-चार मिलिमीटरचा एक फिकट पांढरा ठिपका दिसेल. दिसला नाही तर बलक चमच्याने जरा फिरवा, खालच्या बाजूला गेला असेल. सगळी गोष्ट त्या ठिपक्यात आहे. बलक म्हणजे कोंबडीची एक अख्खी अंडपेशी, एवढी मोठी कारण आत पिल्लाचा डबा भरून दिलेला असतो, आणि पिल्लू जे बनतं ते त्या ठिपक्याच्या जागी बनतं, बलकाचं नाही. बलक संपेपर्यंत ते पिल्लू खात राहतं.

दुकानातल्या अंड्यात हा ठिपका नुसता डाग असतो. लेयर फार्मवर, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथे, फक्त कोंबड्या असतात, कोंबडाच नसतो, म्हणजे शुक्रपेशी आलीच नाही, फलन म्हणजे शुक्रपेशी आणि अंडपेशी एक होणं ते झालंच नाही, त्यामुळे ते अंडं महिनाभर उबवा नाहीतर वर्षभर, काही होणार नाही. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालतेच, हे बऱ्याच मोठ्या माणसांनाही माहीत नसतं. आता गावाकडचं, कोंबड्याबरोबर फिरणाऱ्या गावरान कोंबडीचं अंडं मिळालं तर शेजारी फोडून बघा. फलित असेल तर डागाभोवती गोल कडं दिसतं, कॅरमच्या मधल्या गोलासारखं. आणि अंडं बाहेर पडेपर्यंत तिथे हजारो पेशी तयार झालेल्या असतात, कारण कवच चढायच्या आधीच आत फलन होतं आणि मग पांढरा भाग, पापुद्रा, कवच असं सगळं बनायला जवळजवळ एक दिवस लागतो, त्यातला बराचसा वेळ एकट्या कवचाचा.

दोन गैरसमज इथेच काढून टाका. बलकाला चिकटलेली पांढरी पिळाची दोरी दिसते ती पिल्लू नाही, बलक मधोमध धरून ठेवायला असते. आणि कधी रक्ताचा थेंब दिसतो तोही पिल्लाचा नाही, अंडं बनताना एखादी बारीक रक्तवाहिनी फुटलेली असते एवढंच.

आता ज्या प्रश्नाला सगळे हसतात तो. कोंबडा नक्की करतो काय? तो कोंबडीच्या पाठीवर चढतो, दोघांच्या शेपटीखालची भोकं काही सेकंद एकमेकांना टेकतात आणि शुक्रपेशी कोंबडीच्या शरीरात जातात. झालं. त्या तिच्या पोटात दोन-दोन आठवडे जिवंत राहतात, म्हणून कोंबडा एकदा येऊन गेला तरी पुढची कित्येक अंडी फलित निघतात. हसून घ्या एकदा, मग पुढे चला.

पुढे जायला माझ्याकडे फक्त तीन प्रश्न आहेत, कुठलाही प्राणी समोर आला की हेच विचारायचे. पिल्लू एकाच जिवापासून झालं की दोघांपासून? दोघांपासून असेल तर शुक्रपेशी आणि अंडपेशी भेटल्या कुठे, शरीराच्या बाहेर की आत? आणि त्यानंतर पिल्लू वाढलं कुठे आणि त्याला खायला कोणी दिलं? धड्यातले सगळे बोजड शब्द या तीन प्रश्नांची उत्तरं आहेत. पहिल्याचं उत्तर अलैंगिक नाहीतर लैंगिक, दुसऱ्याचं बाह्य फलन नाहीतर आंतरफलन, तिसऱ्याचं अंडज, जरायुज आणि मधलं एक अवघड नाव, ते येईल पुढे.

दुसऱ्या प्रश्नासाठी पाऊस लागतो. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की डबक्यात पिवळेधम्मक बेडूक दिसतात, मोबाईलवर दरवर्षी त्यांचे व्हिडिओ फिरतात आणि खाली कोणीतरी लिहितं विषारी आहेत. विषारी वगैरे काही नाही, ते आपले नेहमीचे मोठे बेडूक, नर आहेत, फक्त विणीच्या दिवसात पिवळे होतात आणि गळ्याच्या दोन पिशव्या निळ्या फुगवून ओरडतात. ओरडणं मादीला बोलवायला. मादी आली की नर तिच्या पाठीला मिठी मारून बसतो, ती पाण्यात अंडी सोडते आणि तो त्याच वेळी वरून शुक्रपेशी सोडतो. दोन्हींची भेट पाण्यात, शरीराबाहेर, म्हणून बाह्य फलन. पाणी नसेल तर शुक्रपेशी पोहणार कशात आणि कवच नसलेली ती अंडी टिकणार कशी, त्यामुळे बाह्य फलन करणारे प्राणी पाण्याजवळच सापडतात आणि बेडकाला पावसाची वाट बघावी लागते. माशांचंही बहुतेक असंच. गावाकडे पहिल्या पुरात चढणीचे मासे पकडतात ना, ते प्रवाहाच्या उलटे वर चढतात ते अंडी घालायलाच, म्हणून तर पोटात गाबोळी भरलेली मिळते. पावसाळा बऱ्याच माशांच्या विणीचा काळ आहे, आणि आपल्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते त्यामागचं एक मोठं कारण हेच. गाबोळी आवडत असली तरी एवढं लक्षात ठेवा की त्या एका तुकड्यात किती अंडी असतात ते मोजताही येणार नाही.

आणि इथे एक हिशोब आहे तो कळला की निम्मा धडा कळला. रोहूसारखी मादी लाखांनी अंडी टाकते कारण बहुतेक अंडी आणि पिल्लं कोणाच्या तरी पोटात जाणार, सांभाळायला आई थांबत नाही. कोंबडी दहा-बारा अंड्यांवर बसते पण जिवापाड सांभाळते. गायीला बहुतेक वेळा एकच वासरू. जेवढी काळजी जास्त तेवढी पिल्लं कमी, अपवाद आहेत पण ढोबळ गणित हेच.

डबक्यात बेडकाची अंडी शोधायची असतील तर साबुदाण्याच्या खिरीसारखा चिकट गोळा तरंगताना दिसेल, प्रत्येक दाण्यात एक काळा ठिपका. लांब माळेसारखी दिसली तर भेकाची. घरी बाटलीत भरून आणू नका, जागेवरच दर दोन-तीन दिवसांनी जाऊन बघा आणि चित्र काढा. आधी बेडूकमासा, कल्ले आणि शेपटी, मग मागचे पाय, मग पुढचे, आणि शेपटी गळून पडत नाही तर शरीरातच जिरून जाते, परीक्षेत हे हमखास चुकतं. आणि हे सगळं रूपांतरण, प्रजनन नव्हे. प्रजनन त्या मिठीतच संपलं.

तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ, आणि परत कोंबडीकडे. गावी कोणाकडे कोंबडी खुडूक झाली असेल, म्हणजे अंडी घालायची थांबवून पिसं फुलवून एका जागी बसायला लागली असेल, तर नशीब समजा. ती रोज एक-एक करत दहा-बारा दिवसात अंडी घालते पण पिल्लं सगळी एकदमच बाहेर येतात, कसं काय? कारण ती बसेपर्यंत अंडी गार असतात आणि आतली वाढ थांबून राहते, ती बसली आणि ऊब मिळाली की सगळ्यांचं घड्याळ एकदम सुरू. तिथून २१ दिवस. सातव्या दिवशी रात्री, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, एक अंडं अलगद उचला आणि अंधारात मोबाईलचा टॉर्च अंड्याच्या रुंद टोकाला टेकवा. आत लाल बारीक शिरांचं कोळ्यासारखं जाळं दिसेल, मध्ये एक काळा ठिपका. अंडं फलितच नसेल तर नुसता पिवळट उजेड. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी डीएड करत होते, एवढी मोठी झाले होते तरी अंगावर काटा आला. पटकन बघून परत ठेवायचं हं, गार होऊ द्यायचं नाही. कोंबडी चोचीने अंडी सारखी फिरवत असते तेही बघा, फिरवली नाहीत तर आतला जीव पापुद्र्याला चिकटून मरतो, हॅचरीतल्या मशीनमध्येही म्हणून ट्रे हलता ठेवतात, तापमान साडेसदतीस डिग्रीच्या आसपास.

तर कोंबडी अंडज. अंडं बाहेर, डबा आत भरलेला.

गाय जरायुज. ज्यांच्या घरी गुरं आहेत त्यांना मी काय सांगणार, गाय माजावर येणं, डॉक्टर येऊन भरवणं, गाभण राहणं, हे सगळं ते पुस्तकाच्या आधी शिकलेले असतात. फक्त घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द जोडा. डॉक्टर कंटेनरमधून जी कांडी काढतात तिच्यात वळूच्या शुक्रपेशी असतात, उणे १९६ डिग्रीच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या, त्याला कृत्रिम रेतन म्हणतात, आणि बैल तिथे नसला तरी फलन मात्र गायीच्या पोटातच होतं म्हणजे आंतरफलनच. गाय नऊ महिने नऊ दिवस, म्हैस दहा महिने दहा दिवस असं आजी लोक सांगतात ते अगदी बरोबर आहे, पुस्तकात साधारण २८० आणि ३१० दिवस दिलेलं असतं. शेळीचे पाच महिने, हत्तिणीचे तब्बल २२. व्याल्यावर वार पडते ना, ती म्हणजेच पुस्तकातली अपरा, तिच्यातून आणि नाळेतून एवढे दिवस वासराला अन्न आणि ऑक्सिजन मिळत होता. कोंबडीने डबा एकदाच भरून दिला, गायीने रोजचं ताट वाढलं, फरक एवढाच. आणि खरवस ज्या चिकाचा करतो तो चीक आधी वासराला पाजायचा असतो कारण रोगाशी लढणारी प्रतिपिंडं गायीच्या वारेतून वासराला जात नाहीत, ती चिकातूनच मिळतात. उरला तर खरवस, आधी नाही.

आता ते मधलं अवघड नाव. शहरात राहता, ना कोंबडी ना गाय, तर गप्पी मासे आणा. डास कमी करायला नगरपालिकेचे लोक टाक्यांत, हौदांत सोडतात तेच. काचेच्या मोठ्या बरणीत दोन माद्या, एक नर आणि थोडं पाणवनस्पतीचं झुडूप. नर बारीक आणि रंगीत, मादी मोठी आणि साधी, ओळखायला सोपं. मादीच्या शेपटीच्या बाजूला पोटाशी काळा डाग गडद होत जाईल आणि साधारण चार आठवड्यांनी ती अंडी न घालता सरळ पोहणारी पिल्लं सोडेल. म्हणजे जरायुज? नाही, गडबड इथेच होते. पिल्लं वाढली आईच्या पोटात पण मुख्यतः आपापल्या अंड्यातल्या बलकावर. याला अंडजरायुज म्हणतात. पिल्लं दिसली की मोठे मासे वेगळे काढा नाहीतर आईच त्यांना खाईल, झुडूप त्यासाठीच ठेवायला सांगितलं. आणि बरणीत नर नसतानाही पुढच्या महिन्यात परत पिल्लं आली तर घाबरू नका, मादी शुक्रपेशी साठवून ठेवते.

पहिला प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवते, कारण एकट्याने पिल्लू होणं हे ऐकायला सोपं आणि कळायला अवघड. अमीबा सरळ दोन तुकडे होतो, मग आई कोण आणि मूल कोण? कोणीच नाही. हायड्राच्या अंगावर फांदीसारखा फुगवटा येतो, त्याला तोंड फुटतं, हात फुटतात आणि तो सुटून वेगळा होतो, हे मुकुलायन. प्लॅनेरिया नावाच्या चपट्या किड्याचे तुकडे केले तर तुकड्यातून अख्खा प्राणी. नवीन जीव हुबेहूब जुन्यासारखा, जोडीदार शोधायची कटकट नाही. मग सगळ्यांनीच असं का नाही केलं, असं कोणी विचारलं तर त्याला माझ्याकडून एक चॉकलेट. सगळे सारखे असले की एक रोग आला तर सगळेच जातात, आणि दोघांकडून अर्धे-अर्धे गुण घेतले की प्रत्येक पिल्लू जरा वेगळं निघतं, त्यातलं कोणीतरी तगतं. हायड्रासुद्धा परिस्थिती वाईट झाली की लैंगिक प्रजननाकडे वळतो.

पालीचं शेपूट परत येतं ते मात्र यात लिहू नका. नवीन पाल झाली का? नाही. शेपटीतून दुसरी पाल आली असती तर प्रजनन म्हटलं असतं.

सराव करायला मी पोरांना वटवाघूळ देते (उडतं तरी जरायुज, पिल्लाला दूध पाजतं), समुद्रघोडा देते (मादी अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत ठेवते आणि बाळंतपण बाबाचं), मधमाशी देते, तिथे भलेभले अडकतात कारण राणीने फलित न झालेलं अंडं घातलं तर त्यातून नर निघतो, म्हणजे नर माशीला बाबाच नसतो. आणि सगळ्यात शेवटी ऑलिव्ह रिडले कासव, रत्नागिरीतल्या वेळासच्या किनाऱ्यावर येतं ते. मादी पाण्यात राहते पण फलन आत, अंडी घालायला वाळूवर येते, रात्री खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी ठेवते, बुजवते आणि निघून जाते, परत बघायला येत नाही. साधारण दीड ते दोन महिने ऊन आणि वाळूच त्यांना उबवतात. आणि पिल्लू नर होणार की मादी हे त्या वाळूच्या तापमानावर ठरतं, वाळू गरम असेल तर माद्या जास्त. तीन प्रश्नांची उत्तरं तुम्हीच लिहा याची, मी नाही सांगत. आणि पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायला तिकडे गेलात तर दोरीच्या मागे उभे राहा, पिल्लू हातात घेऊन फोटो काढायचा नाही.